वकीलसाहेबांचा कागद

मेलेल्यांच्या सिरियलमध्ये काम केलं की जिवंत माणसांचेच किस्से जास्त जमतात, बाप्पा! पवनीला नदीकाठी आमचं शूटिंग चाललं होतं आणि मी कंटिन्युइटी पाहायची. म्हणजे काल कोटाची किती बटणं लावली होती, ते आज सांगायचं. पहाटे धुक्यात, अर्धवट झोपेत सेटवर पोचायची. त्यामुळे यातलं खरं किती आणि स्वप्नातलं किती, त्याची गॅरंटी नाही.

सिरियलचा खलनायक होता वकील. मेलेल्या माणसाला घरच्यांशी बोलायचं असेल तर या वकिलाच्या सहीचा कागद लागायचा! सही करायचा, पण बदल्यात कुणाची झोप न्यायचा, कुणाची एखादी आठवण. वाईट म्हणावं तर रडणाऱ्यांची कामं करायचा, आणि चांगला म्हणायला जीभ वळत नव्हती. हे काम करायचे गोपाळभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्य गेलेलं. आवाज असा, की चहा मागितला तरी स्पॉटदादा दचकायचा.

*

एकदा दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन सेटवर आले. गोपाळभाऊ कोटातच जेवत होते.

"अरे बावा, मी खोटा वकील आहो!"

"ठाऊक आहे ना! खऱ्याकडं जाऊन जाऊन थकलो. तुमी तं एका एपिसोडात निकाल देता!"

*

घरी वहिनी गोपाळभाऊंना कुरिअरच्या पावतीवरसुद्धा सही करू देत नसत. म्हणायच्या, "तुमी राहू द्या. कोणाचं काय जाईन, सांगता येत नाही!"

*

एका सकाळी डायरेक्टर ओरडला, "धूर कमी कर ना! वकील दिसत नाहीये!"

धूरमशीनवाला मागून चहाचा कप घेऊन आला. "सर, मी तं आताच येऊन राहिलो. मशीन गाडीतच आहे."

आम्ही सगळ्यांनी नदीकडे पाहिलं आणि कॅमेरा तसाच चालू ठेवला. अख्ख्या सिरियलमधला सगळ्यात सुंदर शॉट तोच निघाला.

*

आता लीलाबाईचा किस्सा. आधी आमची एक पद्धत सांगते. सीन मागेपुढे शूट होतात, म्हणून वकिलाच्या कागदावर तारखेची जागा कोरी ठेवायची. शॉटच्या आधी तारीख मी टाकायची.

लीलाबाई चिखल्याहून आली. नवरा खाणीत हजेरी घ्यायचा. रिटायर झाल्यावर एक दिवस भाजीत मीठ जास्त झालं, त्यावरून दोघांचं भांडण झालं. आठ दिवस अबोला, आणि एका पहाटे तो झोपेतच गेला. आता रोज स्वप्नात येतो, उंबऱ्यावर बसून बूट बांधतो आणि न बोलता निघून जातो.

"एक शब्द बोलू द्या त्याईले, साहेब. शिवी देली तरी चालन. बदल्यात माह्यं काय पाह्यजे ते घ्या."

मला रडूच आलं. गोपाळभाऊंनी टेबलावरचा कागद ओढला, दोघांची नावं लिहिली, सही ठोकली. मग वकिलाच्या आवाजात म्हणाले, "तुमचा अबोला इथं ठेवून जा."

लीलाबाईला वाचता येत नाही. तिनं कागद कपाळाला लावला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

ती गेल्यावर गोपाळभाऊ मला म्हणाले, "फसवलं का व मी त्या बाईले?" त्यानंतर दिवसभर, डायलॉग सोडले तर, ते कोणाशीच बोलले नाहीत.

चार दिवसांनी सकाळीच लीलाबाई हजर! गोपाळभाऊ खुर्चीवरून उठलेच.

"बोलले?"

"बोलले ना!" बाई लाजली. "बूट नाही बांधले आज. कागद घेतला, हजेरीबुक पाहाचे तसा वरपासून खालपर्यंत पाह्यला. मंग म्हणाले, लीले, वकिलाले सांग, तारीख टाकाची राहिली."

तिनं कागद उलगडून माझ्यापुढे धरला. मी पेन काढलं आणि गोपाळभाऊंना विचारलं, "आजचीच टाकू ना?"