पाव सूत कमी

क्लॅरिनेटची बॅरल आखूड केली की सूर चढतो आणि लांब केली की उतरतो. हे ज्ञान मला झालं, तेव्हा बॅरल कापून झाली होती.

बॅरल म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाखालचा बोटभर लांबीचा लाकडी पोकळ तुकडा. (वाजवणाऱ्यांनी क्षमा करावी. मी टर्नर, मला तो मशीनच्या बुशसारखाच दिसला.) आमचे सासरे मोशीचे शेतकरी आणि गावच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. धाकट्या मेव्हणीचं लग्न चाकणला ठरलं. व्याही पेटी वाजवणारे आणि स्वतःच्या कानाचा त्यांना भलता अभिमान! सुपारी फुटल्यावर हसत म्हणाले, "लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं मिळून वाजवू. तुमचं वाद्य पेटीला लागलं तर!"

सासऱ्यांना ते 'तर' फार लागलं.

त्या काळी चिंचवडला नवेनवे कारखाने निघत होते. एका छोट्या वर्कशॉपात मी लेथवर होतो. सासरे बॅरल घेऊन थेट तिथंच आले. सहा लेथ एकदम चालू! ते कानाशी येऊन बरंच काही ओरडले, त्यातलं शेवटचं तेवढं मला कळलं.

"...पाव सूत कमी करा!"

सूत म्हणजे आमच्याकडं इंचाचा आठवा भाग. त्याचा पाव म्हणजे जेमतेम नखाच्या जाडीएवढं काम! मी एका टोकाकडून तेवढं घासलं, आतली खोबण तेवढीच खोल केली आणि ऐटीत बॅरल परत दिली.

चार दिवसांनी सासरे पुन्हा हजर. "न्हाई वो, कमी झाला न्हाई! उलट..." पुढचं लेथनं खाल्लं. "...आता चांगला कमी करा!"

"मामा, कॅलिपरनं मोजून केलंय!"

"आवो, माजा कान सांगतोय!"

कान? कॅलिपरपुढं कान? मला राग आला. या खेपेला पाव नाही, अख्खं एक सूत उडवलं! सुमन, म्हणजे आमची बायको, माहेरी निघाली होती. तिच्या हाती बॅरल देऊन म्हटलं, "तुझ्या आबांना सांग, आता तक्रार राहायची नाही." लग्नाच्या घाईत ती वाजवून बघायला तिथं कुणाला सवड झाली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड मोशीला उतरलं. मांडवात व्याह्यांनी पेटीवर 'सा' धरला. सासऱ्यांनी फुंकर मारली. पेटीचा 'सा' मांडवात, क्लॅरिनेटचा 'सा' थेट आढ्यावर! बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

व्याही गोड हसून म्हणाले, "सूर जरा... ताजा आहे!"

सासऱ्यांनी मला गोठ्यामागं नेलं. सुमनही मागोमाग आली.

"जावईबापू, केलं काय तुमी?"

"सूत कमी केलं. तुम्हीच म्हणालात."

"सूत? आवो, सूर! सूर म्हनलो मी! त्यो उतरवाया नवी लांब बॅरल पायजे व्हती. ही नुसती नमुन्याला दिलती, दोन्ही येळा वरडून सांगितलं!"

"मग लांब करू?" मी विचारलं. (कापलेलं लाकूड लांब करणारा लेथ अजून निघालेला नाही.)

"तुम्ही आता हात लावू नका!" सुमन म्हणाली आणि घरातून गोधडीचा दोरा घेऊन आली. सासऱ्यांनी बॅरल जरा बाहेर ओढून कापलेली लांबी भरून काढली आणि ढिली पडू नये म्हणून सांध्याला दोरा गुंडाळला. मांडवात परत जाऊन फुंकलं, तर सूर पेटीला असा चिकटला की व्याह्यांची मान आपोआप डोलली.

"वा! कुणाची करामत ही?"

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मांडवाच्या खांबाकडं पाहिलं.

"आमच्या जावयाची," ते शांतपणे म्हणाले. (माणूस मोठा!)

"असं? मग आमच्या पेटीची ही एक पट्टी कुरकुरते, तेवढी त्यांनी..."

"नको!" सासरे, सुमन आणि आतून हळद लागलेली नवरी, तिघं एकदम ओरडले!

मी लगेच थांबलो. पण तोवर पेटीचे दोन स्क्रू काढून झाले होते.