होळीपर्यंत दीड लिटर

आयुष्यात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन तर माझ्या थोरल्या बहिणीचा, आमच्या ताईचा. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेले, आईने अंथरूण धरलं आणि ताईने दुर्गच्या रेल्वे क्वार्टरांमध्ये चार घरची धुणीभांडी धरली. ती चौथीपर्यंत शिकली, मी बी. ए. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. पोलीस खात्यात निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा तिने ओले हात पदराला पुसून ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आता तुले लोक साहेब म्हणतीन काय रे?"

म्हणू लागले. भिलाईत ठाणा प्रभारी झालो, तिथूनच निवृत्त झालो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. त्यांतले तपशील आता पुसट होत चाललेत. पण हरवलेल्या एका पासपोर्टची तक्रार मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

फेब्रुवारी संपत आला होता. मंगळवार. सकाळची गणना, म्हणजे शिपायांची हजेरी, आटोपून मी टेबलाशी बसलो होतो, तोच सेक्टर १० मधला एक माणूस आईला घेऊन आला. चाळिशीचा, एकटा, ओमानजवळच्या समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा. पस्तीस दिवस काम, पस्तीस दिवस सुट्टी. वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले, क्वार्टर लीजवर घेतलेलं. शुक्रवारचं विमान होतं आणि कपाटातला पासपोर्ट गायब होता.

"शनिवारी मी स्वतः हातात घेतला होता," तो म्हणाला. "घरात बाहेरचं माणूस म्हणजे कामवालीच. चोरी लिहा, साहेब."

"विमान चुकलं तर नोकरी जाईल का?"

"ड्यूटी अजून वीस दिवसांनी आहे. पण दिवस संपत आलेत माझे."

मला वाटलं, आजारी आहे बिचारा. मग त्याने मोबाइल काढून दाखवला. एप्रिलपासून भारतात काढलेल्या प्रत्येक दिवसाची त्यात नोंद. "एकशे चौदा झाले. एकशे वीस झाले की तिकडची सगळी कमाई इथल्या करात जाते. आधी एकशे ब्याऐंशी दिवस चालायचे, नियम बदलला. तीन वर्षं झाली, उरलेली सुट्टी मी शारजात भाड्याच्या खोलीत काढतो."

त्याची आई, सत्तरीची बाई, शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला विचारलं, "काकू, तुमचा संशय आहे का कामवालीवर?" ती म्हणाली, "मी काय सांगू?" हे उत्तर मी मनात नोंदवायला हवं होतं. नोंदवलं नाही.

कामवालीला बोलावून घेतलं. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात आणायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हा नियम मला पाठ होता. पण गाडी दुसरीकडे गेली होती, काम सोपं व्हावं म्हणून शिपाई पाठवला. अकरा वाजता ती आली. चार वाजेपर्यंत बाकावर बसून होती. मधूनमधून आत बोलवायचं, तोच प्रश्न फिरवून विचारायचा. पंधरा वर्षं त्या घरात काम केलेली छत्तीसगढी बाई. तिचं उत्तर एकदाही बदललं नाही.

"मैं ओ किताब ला का करहूँ, साहेब? मोला तो दुरुग ले आगू जाना नइ हे." त्या पुस्तकाचं ती काय करणार, दुर्गच्या पुढे तिला कुठे जायचंच नव्हतं.

आमचे मुंशी, म्हणजे ठाण्याचं सगळं लिखाण सांभाळणारे हवालदार, कोपऱ्यातून म्हणाले, "साहेब, ही खरं बोलते. चोर पाच घंट्यांत निदान एकदा तरी पाणी मागतो अन गोष्ट बदलतो. हिनं पाणीबी नाही मागितलं."

तिला घरी पाठवलं. गुन्हा नोंदवला नाही, फक्त रोजनामच्यात तक्रारीची नोंद केली.

बुधवारी सकाळी त्या क्वार्टरवर पाहणीला गेलो. फाटकाशी दूधवाला सायकलला कॅन लावून उभा होता. पोलीस दिसले की दूधवाले फार बोलतात, पाण्याबद्दल कोणी विचारू नये म्हणून. मी सहज विचारलं, "उद्यापरवापासून यांचं दूध कमी होणार का?"

"नाही साहेब! भैया जायचे असले की माताजी तीन दिवस आधी सांगते, अर्धा लिटर कर म्हणून. या बारीला इतवारीच बोलली, होळीपर्यंत दीड लिटरच आण."

रविवारी. पासपोर्ट नाही हे मुलाला मंगळवारी सकाळी समजलं होतं. मुलगा राहणार, हे आईला दोन दिवस आधीच ठाऊक होतं.

आत गेलो. मुलाने कपाटं, गाद्या, पिठाचे डबेसुद्धा उपसले होते. वडील खुर्चीत, छातीवर हात ठेवून बसलेले. मुलाला मी बाहेर शिपायाबरोबर यादी करायला बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. आतापर्यंत तिच्याशी हिंदीत बोललो होतो, आता गावच्या बोलीत विचारलं.

"काकू, दूध कावून कमी नाही केलं?"

तिने चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "तुमी मराठी आहा?"

"हाव. मूळचा आमगावकडचा."

"मंग आयका. पुढच्या बुधवारी ह्यायचं बायपासचं ऑपरेशन आहे रायपूरले. पोरगा म्हणते, मावसभाऊ थांबन, मी पैसे पाठवतो. कामावर जाऊन राहिला असता तं मी काही म्हटलं नसतं, बापा. तो त्या खोलीत जाऊन नुसता बसणार आहे. बाप इथं टेबलावर, अन पोरगा तिथं दिवस मोजत."

"आणि ती बाई? काल पाच घंटे बसली होती."

"मले वाटलं, दोन दिवसाची गोष्ट आहे. विमान गेलं का काढून देतो." मग पदर तोंडाशी नेऊन ती हळूच म्हणाली, "माया तोंडातून शब्दच नाही निघाला तिथं."

पासपोर्ट तिने वडिलांच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये ठेवला होता, अँजिओग्राफीच्या पाकिटात. मुलाने पिठाचे डबे पाहिले होते, ती फाइल उघडली नव्हती. मी ती त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "यात पाहा." पासपोर्ट निघाला. पाकिटातला रिपोर्ट त्याने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला.

माझं काम तिथे संपलं होतं. तरी त्या एकशे वीसचा काटा माझ्या मनात राहिला. भिलाईतल्याच पावर हाउस भागात एक चार्टर्ड अकाउंटंट होते, आमच्या स्टाफची विवरणपत्रं भरायचे. दुपारी मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी एकच विचारलं. "भारतातलं तुमचं उत्पन्न किती? फक्त इथलं."

"दुर्गला बोरसीच्या घराचं भाडं. अन बँकेचं व्याज."

"पंधरा लाखांच्या वर जातं?"

"कुठलं, साहेब! तीन लाखही नाही."

"मग एकशे वीसचा नियम तुमच्यासाठी नाहीच. तो इथल्या मोठ्या उत्पन्नवाल्यांसाठी. बाहेरून भेटीला येणाऱ्या तुमच्यासारख्याला जुनाच आकडा, एकशे ब्याऐंशी. त्याच्या आत राहा."

"पण आमच्या ग्रुपवर तर..."

"कर काय ग्रुपवर भरता?"

शेजारचा कारकून हसला. मुलगा हसला नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. जिना उतरताना म्हणाला, "साहेब, तीन दिवाळ्या गेल्या माझ्या त्या खोलीत."

नियम बदलला हे खरं होतं. कोणासाठी बदलला, हे त्याने वाचलं नव्हतं. वडिलांच्या ऑपरेशनच्या कागदावर त्यानेच सही केली.

राहिली कामवाली. पासपोर्ट सापडला त्याच संध्याकाळी मायलेक तिच्या घरी माफी मागायला निघाले, मीही बरोबर गेलो. तिने बाज टाकली, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इहाँ नइ. जिहाँ मोला चोर कहेव, उहें कहव." इथे नाही, जिथे चोर म्हटलं तिथेच, आळ ऐकलेल्या शेजारणींसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्टर १० मध्ये, क्वार्टरच्या फाटकाशी, आजूबाजूच्या बाया उभ्या असताना त्या सत्तरीच्या बाईने हात जोडले आणि सांगितलं की पासपोर्ट मीच लपवला होता, हिने काही घेतलं नाही. कामवालीने ऐकलं. त्या घरात ती पुन्हा गेली नाही. समोरच्या क्वार्टरमध्ये तिने काम धरलं. रोज त्याच रस्त्याने जायची.

या प्रकरणाने मला तपासाची एक गोष्ट शिकवली. वस्तू कोणी नेली हे शोधण्याआधी, ती नसल्यामुळे कोणाचं जाणं थांबतं, हे पाहावं. नव्या पोरांना मी ते सांगायचो. दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. फक्त ताईला लिहिली. ते पत्र असं होतं:

ती. ताईस,

सा. नमस्कार. तू फोनवर विचारलं, आवाज कावून उतरला म्हणून. फोनवर सांगता आलं नाही. अक्षर मोठं काढलं आहे, तुले वाचता यावं म्हणून.

एका कामवाल्या बाईले मी चोरीच्या संशयावरून ठाण्यात पाच घंटे बसवून ठेवलं. चोरी झालीच नोती. ज्यायनं आळ घेतला त्यायनं चारचौघांत माफी मागितली. मी तिथंच वर्दी घालून उभा होतो, मी नाही मागितली. काल साध्या कपड्यात तिच्या घरी गेलो अन मागून आलो. तिनं पाणी दिलं अन आपल्या कामाले लागली.

ताई, मी बी. ए. च्या शेवटच्या सालात होतो तेव्हा तू दोन दिवस कामावर गेली नोती. ताप आहे म्हणून आईले सांगितलं होतं. मी तुया कपाळाले हात लावला होता, कपाळ थंड होतं. मंग चारांतलं एक घर तू सोडलं, तिथं परत गेलीच नाही. तेव्हा मी काही विचारलं नाही, माया डोक्यात परीक्षा होती. आता विचारून राहिलो.

तो ताप होता काय?

तुया भाऊ