खटक्याची गाडी

रिसोडच्या मोटारस्टँडवर तो ड्रायव्हर मला एकदाच भेटला. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावून तो मान डोलवत काच पुसत होता. बॅटरी आणि रेडिओच्या मध्ये त्यानं स्वतः जोडलेला एक खटका होता. बॅटरी फार उतरू लागली की तो खटका आपोआप रेडिओ बंद करायचा.

गाणं ऐन रंगात आलं अन् खट्!

"काहून बंद केलं, भाऊ?" आम्ही उतारू ओरडलो.

"मी नाई, खटक्यानं केलं. गाडीच्या वाट्याची बॅटरी थो कोनाले खाऊ देत नाई."

आमचा कसला विश्वास! त्या काळी ढकलल्याशिवाय कुठली गाडी निघतच नसे. आम्ही सवयीनं धोतरं खोचून मागे उभे राहिलो. त्यानं स्टार्टर दाबला, गाडी पहिल्याच दमात पुढे गेली आणि आमचे हात हवेतच राहिले.

खिडकीतून डोकं काढून तो हसला, "आता काय तुमाले ढकलून आत बसवू?"