गेटवरचा फौजी

नेरच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी गाठी बांधतो, तिथे गेटवर एक माणूस उभा असतो. सगळे त्याला फौजी म्हणतात. नाव मीही कधी विचारलं नाही. आधी तो इथेच वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसायचा. प्रादेशिक सेनेतही होता, म्हणजे एरवी नोकरी आणि बोलावलं की फौजेत. तिकडून बोलावणं आलं, तो गेला. परतला तेव्हा काट्यावर शेठजींचा भाचा बसला होता. शेठजी म्हणाले, "फौजी माणूस गेटवरच शोभते."

स्टूल असूनही तो बसत नाही. कापसाची गाडी आली की गेट उघडतो आणि काट्याकडे न पाहता लावून घेतो.

एकदा मी चिडून म्हटलं, "कायद्यानं तुमची जागा तुम्हालेच भेटाले पाह्यजे. भांडत काहून नाही?"

त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "तिकडं लढाचा पगार भेटे, भाऊ. इथं लढलो त पगार बंद होईल."

सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी मात्र त्याच्याच हाती देतात. यंदाही दिली. राष्ट्रगीत संपलं. त्याचा हात अजून कपाळाशीच होता, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. शेठजींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. हात खाली घेत तो गेट उघडायला गेला.