मन्मथअप्पांची पहाट

पूर्णा जंक्शनच्या मागच्या गल्लीत मन्मथअप्पांसारखा परोपकारी माणूस दुसरा नाही, असं सगळ्यांचं मत होतं. एकट्या मन्मथअप्पांचं तेवढं नव्हतं.

झुंजुमुंजू व्हायच्याही आधी, हिंगोलीच्या गाडीचं इंजिन यार्डात पाणी घेत फुसफुसत असायचं, तेव्हा हा माणूस आडावर उभा असायचा. पन्नाशीला टेकलेला किराणा दुकानदार, अंगावर बंडी, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पोहरा सोडायचा, ओढायचा. आधी आपल्या घरचं पाणी, मग शेजारच्या बायनाबाईचा रांजण, कारण म्हातारीच्या गुडघ्यात वारा होता. मग समोरच्याचा, मग त्याच्या पलीकडच्याचा. बायनाबाई रोज म्हणायची, "अप्पा, मागल्या जल्मी तू माजा ल्योक व्हतास बग." हे ऐकलं की मन्मथअप्पा मान खाली घालून पोहरा असा सोडायचे, की आडाच्या तळाला धक्का बसावा.

खरं असं होतं, की त्यांना पहाटे अंथरुणात पडवत नसे. जाग यायची ती एकदम यायची, कुणी छातीवर थाप मारून उठवावं तशी. घशाला कोरड, तळहात ओले, आणि काळीज असं धडधडायचं की शेजारी झोपलेल्या भागम्माला, म्हणजे बायकोला, ऐकू जाईल असं वाटायचं. आता काहीतरी होणार, आत्ताच, हे नक्की. काय होणार ते मात्र ठाऊक नाही. दिवस कासराभर वर आला की हे सगळं ओसरायचं. दुपारी तर ते गिऱ्हाइकाशी हसून दोन शब्द बोलायचे, आणि संध्याकाळी स्वतःलाच म्हणायचे, कसली भीती घेऊन बसलास, वेड्या. मग पुन्हा पहाट व्हायची.

स्टेशनाजवळच्या हकीमसाहेबांना त्यांनी नाडी दाखवली होती. हकीमसाहेब बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "अप्पा, ये तो खफकान है, धडधड की बीमारी. दिल पे कुच बोजा है क्या?"

"बोजा काय का जी. धंदे की फिकर, और क्या," मन्मथअप्पा म्हणाले.

हकीमसाहेबांनी गोड चाटण दिलं आणि बजावलं, "बिस्तरे पे पडे मत रहो. उठको कुच काम करो." चाटण आठ दिवसांत संपलं. काम मात्र मन्मथअप्पांनी धरून ठेवलं. हात दोराला लागले, घाम आला, की काळीज थोडं दबायचं. गल्लीचं पाणी असं भरलं जात होतं, आणि त्याचं पुण्य म्हणून लोक जे काही मन्मथअप्पांच्या पदरात टाकत होते, ते त्यांना जड जात होतं.

बोजा होता. आणि तो गळ्यातच होता.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की त्याला लिंग मिळतं आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळ झाली, कपाळाला भस्म लागलं, की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात, तेव्हाही ते त्याच्या हातात देतात. ते हरवलं तर जुन्या लोकांच्या लेखी प्राणच गेला. व्यवहारात मात्र वाट असते. स्वामींकडे जायचं, खरं ते सांगायचं, उपास करायचा, प्रायश्चित्त घ्यायचं आणि नवं धारण करायचं. तोवर अन्नाला शिवायचं नाही. एवढंच. पण हे "एवढंच" मन्मथअप्पांच्यानं झालं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार म्हणून ते नदीवर अंघोळीला गेले. पाण्यात गुडघाभर उभं राहूनच पूजेला बसल्याचं समाधान मानायची त्यांना सवय होती. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं, आणि पायाखालचा धोंडा हलला. तोल सावरला, पण हात रिकामा झाला होता. नदीला लाल पाणी होतं. दुपारपर्यंत ते चिखल चाचपत राहिले. शेवटी लिंगाएवढा एक काळा खडा उचलून त्यांनी डबीत घातला, का तर डबी हलकी लागू नये, आणि घरी आले.

त्याच आठवड्यात सेलूची मंडळी थोरल्या लेकीला पाहायला यायची होती. कडक सोवळ्याची माणसं. मन्मथअप्पांनी ठरवलं, ती येऊन जाऊ देत, मग स्वामींना सांगू. मंडळी आली, सोयरीक ठरली. आता मध्येच कशाला, म्हणून पुढचा सोमवार. एक दिवस लपवलं की दुसऱ्या दिवशी, काल का लपवलं याचंही उत्तर तयार ठेवावं लागतं. मन्मथअप्पांपाशी उत्तर नव्हतं, म्हणून ते रोज पहाटे भिंतीकडे तोंड करून खड्याची पूजा करत आणि रोज जेवत.

तशात पटकीची साथ आली आणि थोरला भाऊ वीरभद्र एका दिवसात गेला. दादा सकाळी दुकानात होता, संध्याकाळी नव्हता. गावात त्या दिवशी आणखी दोन मयतं होती. अंत्यविधी उरकायची घाई होती. स्वामी खड्ड्याच्या काठावर उभं राहून मंत्र म्हणत होते, लोक तोंडाला उपरणं लावून लांब थांबले होते. दादाला बसवायला आत उतरले एकटे मन्मथअप्पा. वरून स्वामी म्हणाले, "लिंग हातात द्या."

त्यांनी दादाच्या गळ्यातली डबी सोडली. लिंग हातात आलं. आणि तिथं, अर्ध्या अंधारात, वरच्या कुणाला दिसत नसताना, त्या हातानं जे केलं त्याला मन्मथअप्पा पुढं सहा वर्षं नाव शोधत राहिले. दादाचं लिंग त्यांच्या डबीत गेलं. नदीतला खडा दादाच्या तळहातावर गेला. त्यांनी दादाची बोटं एकेक करून मिटली. बोटं अजून ताठली नव्हती, मुकाट मिटली. वरून भस्म पडलं, बेल पडला, मग माती पडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची छाती पहिल्यांदा धडधडली.

लेकीचं लग्न वर्षानं सुखरूप पार पडलं. मन्मथअप्पा रोज पहाटे दादाच्या लिंगाची पूजा करत राहिले. खड्याची पूजा करताना नुसती लाज वाटायची. हे खरं लिंग तळहातावर घेतलं की दादाच समोर बसून बघतोय असं व्हायचं. पूजा लवकर आटपून ते आडाकडे पळत.

दादाची बायको चन्नबसम्मा भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. मूलबाळ नव्हतं. मन्मथअप्पांना तिनं लहान दिरासारखं नाही, लेकासारखं वागवलं होतं. ती दर सोमवारी दादाच्या समाधीवर बेल वाहायला जायची आणि मन्मथअप्पा सोबत जायचे. ती मातीपाशी बसून हलक्या आवाजात आठवड्याचं सगळं सांगायची, गाय व्याली, जोंधळा महागला, भागम्माला पडसं झालंय. हे चार पावलं मागं उभे. लोक म्हणत, दीर असावा तर असा.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं लोक गाव सोडू लागले. जो तो वऱ्हाडच्या हद्दीकडे निघाला. सगळ्या गावाचीच छाती पहाटे धडधडत होती, त्यात मन्मथअप्पांची एक कोण मोजतो? त्यांना स्वतःलाही क्षणभर बरं वाटलं, की आता आपल्या भीतीला सांगण्याजोगं कारण मिळालं. लगेच त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली.

मग चन्नबसम्माचा भाऊ वाशीमहून तिला न्यायला आला. मंगळवारच्या गाडीनं हिंगोली आणि तिथून पुढं बैलगाडीनं हद्द ओलांडून जायचं ठरलं. परत कधी येणं होईल सांगता येत नव्हतं. ती मन्मथअप्पांना म्हणाली, "भावजी, उद्या सोमवार. ऊन व्हायच्या आत येकदा जाऊन येऊ."

म्हणजे पहाटे. त्याच वेळेला.

दोघं निघाले तेव्हा तांबडं फुटत होतं. मन्मथअप्पांच्या हातात आज पोहरा नव्हता, दोर नव्हता. आज सांगितलं नाही तर ही बाई निघून जाणार आणि आपण सुटणार, असं एक मन म्हणत होतं. आणि सुटणार या विचारानंच दुसऱ्या मनाला कापरं भरत होतं.

चन्नबसम्मानं समाधीवर बेल ठेवला. मातीवर हात ठेवून म्हणाली, "मी चालले वो. तुमाला सोडून जायलेय म्हणून राग धरू नका. तुमचं लिंग तुमच्या हातात हाय, तुमाला कशाचं भ्या न्हाई. भ्या हाय ते आमाला."

"वैनी, दादाच्या हातात लिंग न्हाई."

तिनं मागं वळून पाहिलं. "काय म्हणायलाव तुमी?"

"खडा हाय. नदीतला. माजं लिंग नदीत गेलतं. मी भ्यालो. खड्ड्यात उतरलो तवा दादाचं घेतलं आन् खडा दिला." एवढं बोलेपर्यंत ते खाली बसले होते. "हे गळ्यात हाय ते दादाचं हाय."

चन्नबसम्मा रडली नाही. तिनं डावा हात पुढं केला. मन्मथअप्पांनी डबी उघडली. तिनं आतलं लिंग उचलून घेतलं. तळहातावर घेऊन ती बघत बसली. लांब यार्डात इंजिनानं शिट्टी दिली, थांबली, पुन्हा दिली.

"मी दर सोमवारी ह्या मातीला सांगत बसायची," ती म्हणाली, "आन् तुमी मागं हुबं राहून ऐकायचाव."

"माजं चुकलं वैनी. दादाचा मी लय मोठा..."

"त्यांचं त्ये बघतील. तुमी त्यांच्यापाशी जावाल तवा काय सांगायचं ते सांगा." तिचा आवाज आता चढला. "रोज पाटंला भिताडापल्याड तुमची घंटी वाजायची. भावजी पूजंला बसले म्हणून मी उठायची. सा वर्सं. कुणाची पूजा करायलाव ते न्हाई सांगितलं तुमी मला. माजा माणूस भिताडापल्याड व्हता, आन् मला मातीपाशी आणून बसवायचाव. माज्या वाट्याचं कुणी द्यायचं?"

मन्मथअप्पांनी सहा वर्षं दादाचाच विचार केला होता. दादाची बोटं, दादाचा तळहात, वर गेल्यावर दादा काय म्हणेल. या बाईचं आपण काही घेतलंय, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. आता ते आलं, आणि आधीचं सगळं त्यापुढं सोपं वाटू लागलं.

"स्वामींना बोलावतो," ते कसंबसं म्हणाले. "आजच हितं दादापाशी पुरू."

"न्हाई. ह्ये मी न्हेणार."

"वैनी, गेलेल्या माणसाचं लिंग घरी ठेवणं शास्त्रात बसत न्हाई."

"तुमी केलं ते बसलं व्हतं का?"

तिनं लिंग पदरात बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ती चालू लागली. आडावर बायनाबाई रिकामी घागर घेऊन वाट बघत होती. मन्मथअप्पांनी पाणी ओढून दिलं. ती जे रोज म्हणायची ते म्हणाली.

मंगळवारी गाडीला गर्दी होती. गाठोडी, ट्रंका, लहान पोरं. भागम्मा जावेच्या गळ्यात पडून रडली. मन्मथअप्पा खिडकीपाशी उभे होते. वैनी काहीतरी टाकून बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल, आणि ते योग्यच होईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. गाडी हलताना चन्नबसम्मानं त्यांच्याकडे पाहिलं. पदराची गाठ तिच्या मुठीत होती.

"भावजी," ती म्हणाली, "उद्यापसनं पाटंला ह्यांच्यासंगं मी उठीन. तुमी झोपा."

ही माफी होती की आणखी काही, ते मन्मथअप्पांना कळलं नाही. विचारायला गाडी थांबली नाही.

ते झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ठरल्या वेळेला छातीवर थाप बसली, घशाला कोरड पडली. भिंतीपलीकडची खोली रिकामी होती. डबीत तर आता खडाही नव्हता. ते उठून बसले, आडाकडे जावं म्हणून पाय खाली सोडले, आणि तिथंच त्यांना रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस तोंडावर हात दाबून हुंदके देत होता.

भागम्मा जागी झाली. "काय झालं वो? गावात काय झालं का?"

त्यांनी सांगितलं. नदीपासून समाधीपर्यंत सगळं, काही न गाळता. आज उजाडलं की स्वामींकडे जाणार, हेही सांगितलं. भागम्मा अंधारात बसून ऐकत राहिली. त्यांना वाटलं, ती दादाबद्दल विचारेल, नाहीतर लेकीच्या सासरबद्दल. सहा वर्षं दोन्ही वेळा तिनंच ताट वाढलं होतं.

"लिंग गेल्यावर," तिनं हळूच विचारलं, "जेवलाव कसं तुमी?"

मन्मथअप्पांनी डोळे पुसले. खोटं बोलायचं आता काही उरलं नव्हतं.

"भूक लागायची," ते म्हणाले.