बायकांचं दार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या संस्थेत तेव्हा नोकरी करत होते तिथे तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता स्वतःचं कौतुक ऐकवत नाही म्हणून.

कारण कौतुक अजून चालूच आहे! गेल्या महिन्यात बाहेरगावची मुलं आली होती, आर्किटेक्चर शिकणारी. त्यांना आमचा तो सामुदायिक संडास बघायचा होता. ‘लोकसहभागातून उभा राहिलेला’ — हे शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण नेलं मीच. एका मुलीने विचारलं, मॅडम, हे सगळं खरंच वस्तीतल्या बायकांनी ठरवलंय? मी हो म्हटलं. वर हसलेसुद्धा. निर्लज्जपणा अंगवळणी पडतो, त्याला फार कष्ट लागत नाहीत.

भिवंडीत नारपोलीच्या बाजूला, लूमच्या कारखान्यांच्या पाठीमागे ती वस्ती आहे. संडासाची जागा मधोमध. एका अंगाला कारखाने आणि चहाची टपरी, दुसऱ्या अंगाला एक शांत गल्ली. जुना संडास कधीच कोसळला होता. बायका नाल्यापलीकडच्या झुडपांत जायच्या, तेही अंधार बघून. नवा बांधायचा ठरला आणि आमच्या संस्थेने मला पाठवलं. मी त्याच गावची, आर्किटेक्चर शिकलेली, म्हणे मला वस्तीची भाषा कळते.

कागदावरचा नकाशा बायकांना दाखवून काय उपयोग? म्हणून आमची पद्धत अशी की खऱ्या मापाचा संडास आधी कापडाचा उभा करायचा. भिवंडीत कापडाला काय तोटा! कारखान्यांतून डाग पडलेलं ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, मागून आणलं, बांबू रोवले, दोऱ्या ताणून भिंती केल्या. मग बायका एकेक करून आत शिरायच्या, बसून बघायच्या, बादली ठेवून बघायच्या. हसून हसून पुरेवाट व्हायची. नसीमआपा सगळ्यांत आधी आत शिरली आणि आतूनच ओरडली, “अरे मॅडम, इसमें मुर्गी बैठेगी क्या?” खोल्या रुंद केल्या.

नसीमआपा म्हणजे वस्तीचं तोंड. घरी बसून कापडाचे धागे कापायचं काम करायची आणि तोंडाने दिवसभर कुणाला तरी झापायची. भांडकुदळ, हट्टी, आपलंच खरं करणारी. माझ्याशीही रोज वाजायचं. पण बायकांना मीटिंगला घराघरांतून ओढून आणायची ती हीच.

बायकांचं दार आम्ही आधी कारखान्यांच्या बाजूला धरलं होतं. कापडाचं दार बांधलं, बायका खोटी खोटी लाइन लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात शिफ्ट सुटली. टपरीवर पुरुषांचा घोळका जमला. कुणी शीळ घातली, कुणी चहाचा ग्लास हातात धरून नुसतंच बघत राहिलं. ज्या बाया आत्तापर्यंत खिदळत होत्या त्या पदर सावरायला लागल्या. एका पोरीने ओढणी तोंडावर घेतली आणि लाइनीतून निघून गेली. नसीमआपाने मग कुणालाही न विचारता दोऱ्या सोडल्या, कापड ओढत ओढत पलीकडे नेलं आणि दार गल्लीच्या बाजूला बांधलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

त्या गल्लीच्या टोकाला एक बंगला आहे. माझ्या काकांचा.

आमच्या भातशेतीच्या जमिनी गेल्या, गोदामं आली, बंगले आले. काकांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, पाहुणे खारबावचे. काकांनी मला एकदाच विचारलं, जेवायला बसता बसता. “दारासमोर टमरेलं घेऊन बाया उभ्या ऱ्हानार? पावन्यांना काय सांगू? बघ, तुझ्याच हातान हाय.” एवढंच. मग त्यांनी वाटी पुढे करून कालवण मागितलं.

आता तुम्ही म्हणाल, बिचारी, घरच्यांच्या दबावाला बळी पडली. नाही हो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आणि ते धादांत खोटं आहे. काकांना नाही म्हणता आलं असतं. चार दिवस ते रुसले असते, काकू टोमणे मारत बसली असती. बस. मी नाही म्हटलं नाही, कारण मलाही तेच हवं होतं. आमच्या नातेवाइकांत मी टॉवर बांधणारी आर्किटेक्ट होते. आईनेच तसं सांगून ठेवलेलं, मी कधी खोडून काढलं नाही. भरजरी साडी नेसून पाहुण्यांबरोबर गल्लीतून चालताना लाइनीतून नसीमआपाने हाक मारली असती तर? “ए मॅडम, नल में पानी नहीं है!” — सगळ्यांसमोर? त्या हाकेची मला लाज वाटली. संडासाची नव्हे, त्या बायकांची. मला त्यांची लाज वाटली, हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ऑफिसात बसून मी रेषा पुसली. गल्लीकडे सलग भिंत, दोन्ही दारं कारखान्यांकडे, बायकांचं तर टपरीच्या बरोब्बर समोर. नकाशा सगळीकडून बिनबोभाट मंजूर झाला. वस्तीने ठरवलंय म्हटल्यावर कोण कशाला बघतो? बायकांच्याच नावावर मी बायकांचं दार पळवलं. याला चोरी नाही तर काय म्हणतात?

भिंती कमरेएवढ्या झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. घोळक्याने आल्या. मी म्हटलं, “ऊपर से बदल के आया है.” वरून! आपल्याकडे हे सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही. पण एक बाई नसीमआपावर उलटली. संडासाची देखरेख आणि त्याच्या वरची राहायची खोली नसीमआपाच्या नवऱ्याला मिळणार होती. बाई म्हणाली, खोलीसाठी हिनेच दार विकलं, पालिकेतल्या साहेबांच्या मीटिंगला मॅडमबरोबर हीच तर जायची. बघता बघता सगळ्या बोलायला लागल्या. जिने दार स्वतःच्या हाताने ओढून नेलं होतं, तिला!

आणि ती भांडली नाही. तेच मला सोसत नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “मॅडम, तुम थी न साथ में. बोलो इनको.”

एक वाक्य पुरलं असतं. खरंही सांगायची गरज नव्हती — नुसतं ‘आपाने काही केलेलं नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काय म्हटलं? “अंदर किसकी क्या बात हुई, मुझे नहीं मालूम.”

हे मी बोलले. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात.

नसीमआपाच्या नवऱ्याने ती खोली घेतली नाही. थोड्याच दिवसांत ते वस्ती सोडून गेले. संडास झाला, नारळ फुटला, साखरपुडाही झाला. शिफ्ट सुटायच्या वेळेला तिथे आजही एक बाई दिसत नाही. पोरी दुपारपासून पाणी पीत नाहीत. म्हाताऱ्या चहा सोडतात. काही जणी परत नाल्यापलीकडे जातात. बाहेरच्या पाहुण्यांना मी नेमकी सकाळी उशिरा नेते, टपरी रिकामी असते तेव्हा. इतकी हुशारी मला कुठून सुचते कुणास ठाऊक!

परवा बाजारात नसीमआपा भेटली. थकलीय, पण आवाज तोच. मी वळून जाणार होते, तिनेच हाक मारली. माझा हात हातात घेऊन भर रस्त्यात उभी राहिली. त्या दिवशीचं मनात धरलं नाही म्हणाली. “तुम्हारी भी नौकरी थी, बेटा. डर गई होगी. तुम्हारा क्या कसूर?” मग तिचा हात घट्ट झाला. “मगर जिसने दरवाज़ा फेरा न, वो एक बार मेरे सामने आ जाए. बस एक बार.”

“हाँ आपा,” मी म्हटलं, आणि रिक्षाला हात केला.