जावईबापू आणि लाल काटा

माझ्या मेहुणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही नवऱ्या मुलाच्या गावी, कुहीत, मोटारीनं शिरलो. मोटार दोन बैल ओढत होते, आणि मोटारीत बिघाड काहीच नव्हता.

मोटार सासऱ्यांची, चांगली म्हातारी. इंजिनाचं पाणी किती तापलं हे दाखवणारा तिचा काटा मेला होता.

"इंजिनातला सेन्सर बदलायचा, बस्स! मीच बदलतो," मी म्हणालो. (तोवरचा माझा अनुभव: सायकलची चेन. तीही बायकोनं चढवलेली.)

"राहू द्या ना जावईबापू, मिस्त्री येऊनच राहिला," सासरे म्हणाले.

"मिस्त्री कशाला? मी आहे ना!"

सासऱ्यांनी पाना माझ्या हाती दिला. आमच्याकडे जावयाला 'नाही' म्हणत नाहीत. त्यापेक्षा इंजिन गेलेलं परवडतं!

गाडी नुकतीच कळमन्याच्या बाजारातून तापून आली होती. ती गार होऊ द्यावी, हे मला सुचलं नाही. पान्यानं जुना सेन्सर सोडवला मात्र, उकळत्या पाण्याचं कारंजंच उडालं! मी वाचलो. अंगणात वाळत घातलेल्या कुरडया वाचल्या नाहीत.

"असू द्या," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "तशाबी त्या... ओल्याच होत्या."

नवा सेन्सर बसवला, सांडलेलं पाणी पुन्हा भरलं. वायरची टोपी माझ्या हातून तुटली, म्हणून वायर सोलून तशीच गुंडाळली. तिचं उघडं टोक इंजिनाला टेकून राहिलं. बस्स, एवढंच! तेवढ्यानं काटा कायमचा लाल होतो, हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी साक्षगंध. गाडी मीच चालवत होतो. कुही गाव कोसभर राहिलं आणि माझी नजर काट्यावर गेली. पार लाल!

"उतरा! इंजिन उकळलं!"

बॉनेट उघडून सगळे कडुलिंबाखाली बसलो. बऱ्याच वेळानं किल्ली फिरवली. काटा लाल! पुन्हा कडुलिंब.

"ऊन लागलं असन बिचारीले," म्हणत सासूबाईंनी पिशवीतला कांदा काढून इंजिनावर ठेवला. (उन्हाळ्यात आमच्याकडे माणसाच्याही खिशात असतो.) कांद्यानं फरक पडेना, तेव्हा मी व्याह्यांसाठी नेलेलं कैरीचं पन्हं रेडिएटरवर ओतलं. मुंग्या आल्या. काटा हलला नाही.

"आता गाडी सुरू केली तर इंजिन फुटेल!" मी निकाल दिला.

मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुहूर्त टळला तं ते लोक सोयरीक मोडतीन ना, भाऊजी!"

तेवढ्यात आम्हाला शोधत नवऱ्या मुलाचे वडीलच बैलगाडी घेऊन आले.

"काहून जी, काय झालं?"

"जावईबापू म्हणतेत, इंजिन गरम हाये," सासरे जमिनीकडे पाहत म्हणाले.

व्याह्यांनी इंजिनावर हात ठेवला. "हे तं थंड हाये!"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आतून गरम आहे," मी म्हणालो.

व्याह्यांनाही घरी एक जावई होता. त्यांनी मुकाट बैल सोडले आणि मोटारीला जुंपले. आम्ही गावात शिरलो तसे वाजंत्रीवाले वाजवायचंच विसरले. नवरदेव हसता हसता ओट्यावरून खाली पडला! मुहूर्त मात्र कसाबसा साधला.

पुष्कळ वर्षांनी मेहुणीनं मला सांगितलं, "भाऊजी, घरून निघताना तुम्ही किल्ली फिरवली, तवाच काटा लाल झाला होता. इंजिन सुरूबी नव्हतं झालं! आम्ही सगळ्यायनं पाहिलं."

"मग बोलली का नाहीस वं?"

"बाबांनी डोळे वटारले ना! जावईबापूले काही म्हणायचं नाही म्हणे."

आता मलाही जावई आहे. मागच्या रविवारी तो अंगणात माझी स्कूटर खोलून बसला. "मिस्त्री कशाला, बाबा?" म्हणाला.

मी गुपचूप कुरडया तेवढ्या आत नेल्या.